भाऊजींनी निवडलेलं वल्हं

माझे भाऊजी चष्मे करतात. चपला दुरुस्त करणारा आणि वह्या-पेनं विकणारी बाई यांच्या मध्ये त्यांचं दुकान आहे. इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आत असली तर तिसऱ्यानं दारातूनच डोळे दाखवावेत. माणूस समोर आला की ते आधी त्याचं नाक बघतात, मग कान, मग बाकीचा माणूस. माझा नवरा त्यांना पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण याच्या चष्म्याची डावी काडी कानाला टेकत नाही." दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन काडी वाकवून गेले. अर्ध्या मिलिमीटरवरून अस्वस्थ होणारा माणूस. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्यांच्या हातून चुकून झालं असं कुणाला वाटायला नको.

माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर बसते. आठवडाभर लोक तिला पाणी आलं नाही म्हणून बोल लावतात. रविवारी मात्र ही दोघं गावाबाहेरच्या नदीवर जायची, जिथे पाणी खडकांमधून फेसाळत उतरतं, आणि कॅनूत बसायची. कॅनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी होडी. तीत गुडघ्यांवर बसायचं आणि एकाच पात्याच्या वल्ह्यानं ती हाकायची. ताई पुढे, भाऊजी मागे. मागचा माणूस होडी वळवतो, त्यामुळे कौतुक त्याचं होतं. सोळा वर्षं ही जोडी त्या पाण्यात उतरत होती आणि नदीवरची सगळी मंडळी भाऊजींना 'कप्तान' म्हणत होती. ताईला म्हणत होती 'कप्तानीण'. दोघांना होडीसकट गाडीनं खालच्या काठावरून परत आणायचं काम माझं. मला पोहता येत नाही, आणि शिकायचंही नाही.

भाऊजींचा खरा मान होता वल्ह्यांच्या बाबतीत. नवीन कुणी आलं की मास्तरीण त्याला सरळ भाऊजींच्या दुकानात पाठवायची. मास्तरीण म्हणजे तरणतलावावर पोहणं शिकवणारी बाई. नदीवरचा गट तीच चालवते. भाऊजी त्या माणसाला दुकानातच जमिनीवर उशी टाकून गुडघ्यांवर बसवायचे. हातात टेप. मांडीपासून नाकापर्यंत माप, खांद्याची रुंदी, तळहात, मनगट. एकदा बँकेतली एक मुलगी अशी बसलेली असताना चष्म्याचं गिऱ्हाईक आत आलं आणि "नंतर येतो" म्हणून हळूच निघून गेलं. आम्ही आठवडाभर हसत होतो.

मग भाऊजींचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, पायऱ्या चढा, जवळपास गाडी चालवा, पण गुडघ्यांवर बसणं विसरा. भाऊजींनी ते तसं शांतपणे घेतलं. रविवारी काठी घेऊन नदीवर यायचे, खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सूचना द्यायचे. ताई त्यांच्या शेजारी बसून थर्मासमधला चहा ओतायची. दोन-तीन महिने असेच गेले.

एका रविवारी मास्तरीण म्हणाली, "कप्तानीण, ती एकट्याची होडी नुसती पडून आहे. बसून तर बघ."

"मी? मी कधी मागे बसले नाही गं."

"एकट्याच्या होडीत मागे-पुढे नसतंच. मधोमध बसायचं."

ताईनं भाऊजींकडे बघितलं. भाऊजी मोठ्या मनानं म्हणाले, "जा जा, भिजून ये जरा."

ती भिजली नाही, तिथेच सगळी गडबड झाली. दोघांच्या होडीत एक जण उजवीकडून वल्हवतो, दुसरा डावीकडून. एकट्याला दोन्ही बाजूंचं काम एकाच वल्ह्यानं करायचं असतं, वल्ह्यावरचे हात न बदलता, अंग वळवून. नवशिक्यांना हे जमायला दोन हंगाम लागतात. ताई पहिल्या उतारावरून खाली आली, मोठ्या खडकाच्या मागे जिथे पाणी उलटं फिरतं तिथे तिनं वल्हं रोवलं, आणि होडी अशी अलगद वळून थांबली, जशी सरावाची बाई दारात चप्पल काढून आत येते. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि एक दाढीवाला, जो सगळ्यांनाच बोलायचा, मोठ्यानं म्हणाला, "काय हो, इतकी वर्षं खरा कप्तान पुढे बसला होता की काय?"

सगळे हसले. भाऊजीही हसले. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी काठीचं टोक वाळूत रुतवलं ते मी बघितलं, पण तेव्हा मला वाटलं गुडघा दुखत असेल.

त्यानंतर भाऊजी बदलले. मोठं काही नाही, बारीकसारीक. ताई नदीवरून परत आली की आधी ते विचारायचे, "कसं झालं?" आता म्हणायचे, "आज पाणी कमीच होतं ना?" ती सांगायला लागली की ते मध्येच तिचा हात धरून दाखवायचे, मनगट असं नको, असं. घरचा फोन वाजला की ते उचलायला जायचे, आणि पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "वहिनी आहेत का?" ते फोन तिच्या हातात द्यायचे आणि खिडकीशी उभे राहून ऐकायचे. ताई गाणं गुणगुणत कपडे वाळत घालायची. त्या गुणगुणण्याचाही त्यांना त्रास व्हायचा. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. म्हणाले, "सोळा वर्षं माझ्याबरोबर घरी यायची तेव्हा गात नव्हती गं. ते डोक्यात बसलं."

मास्तरणीनं त्या वर्षी ठरवलं, की वरच्या घळीतून खालच्या पुलापर्यंत एकट्या-एकट्यानं उतरायचं. बारा जणांची निवड झाली आणि त्यात ताई. ताईचं स्वतःचं वल्हं कधीच नव्हतं; तोवर ती कुणाचं ना कुणाचं उसनंच वापरत होती. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते, तेव्हा जेवताना ती भाऊजींना म्हणाली, "अहो, मला माझं स्वतःचं वल्हं घ्यायचंय. तुम्हीच निवडा. मला त्यातलं काय कळतं!"

भाऊजींनी घास खाली ठेवला. "शनिवारी जातो," म्हणाले.

वल्ही करणारे सुतारकाका नदीच्या वाटेवर राहतात. भाऊजींना तेव्हा लांब गाडी चालवायला बंदी होती, म्हणून मी नेलं. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. जमिनीवर भुसा, भिंतीला ओळीनं टेकवलेली वल्ही, एका कोपऱ्यात उकळणाऱ्या राळेचा वास. भाऊजी ओळीसमोरून हळूहळू फिरले. एकेक उचलायचे, बोटावर तोलायचे, मूठ दाबायचे, दांडा जमिनीला टेकवून त्यावर थोडा भार द्यायचे. मग एक उचललं आणि थांबले. फिक्या, चिवट लाकडाचं. आडवी मूठ, बोटं बरोबर मिटतील अशी. पातं रुंदीला वीतभराहून किंचित कमी, खडकावर आपटून फुटू नये म्हणून कडेला राळेची पट्टी. ते वल्हं त्यांनी नाकासमोर उभं धरलं, मग थोडं खाली घेतलं, जिथे ताईचं नाक आलं असतं तिथे. मलासुद्धा कळलं की हेच. सोळा वर्षं ज्या बाईच्या पाठीमागे बसले, तिची उंची त्यांच्या हातांना माहीत होती.

बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी ते भिंतीला परत टेकवलं आणि शेजारचं दुसरं उचललं. चार बोटं लांब. पातं रुंद, दांडा जाड.

"हे द्या."

सुतारकाकांनी रंधा थांबवला. "कुणासाठी?"

"घरीच."

"वहिनींसाठी? कप्तान, हे त्यांना जड जाईल. हे उंच माणसाचं आहे."

"तिच्या हातात जोर आहे," भाऊजी म्हणाले. "आणि घळीत पाणी खोल आहे."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. ज्या माणसाकडे सगळा गाव वल्ह्याबद्दल विचारायला जातो, त्याला मी काय शिकवणार?

ताई हरखून गेली. तिनं ते वल्हं बैठकीच्या खोलीत कपाटाला टेकवून ठेवलं, तेल लावलं, माझ्या नवऱ्याला बोलावून दाखवलं. "यांनी निवडलंय," असं प्रत्येकाला सांगायची.

पुढच्या रविवारपासून तिचं बिनसलं. मूठ तिच्या कपाळाच्याही वर जायची, हात उचलून उचलून खांदा भरून यायचा. एका बाजूचं वल्हं दुसऱ्या बाजूला नेताना पातं होडीच्या काठाला अडायचं. पाण्यात रोवलं तर इतकं पाणी धरायचं की तीच ओढली जायची. खडकामागे थांबायच्या जागी ती पुढे वाहून जायला लागली. दोनदा उलटली. दाढीवाला आता तिला काही बोलत नव्हता, ते तिला जास्त लागत होतं.

"वय झालं माझं," ती मला गाडीत म्हणाली. "सुरुवातीला नशिबानं जमलं असणार."

घरी भाऊजी तिच्यासाठी गरम पाण्याची पिशवी तयार ठेवायचे. रोज संध्याकाळी मलम लावून तिचा खांदा चोळायचे. इतकं प्रेमानं, की मी माझ्या नवऱ्याला टोमणे मारले, शिका जरा म्हणून. ताई डोळे मिटून म्हणायची, "वल्हं इतकं चांगलं घेऊन दिलंत, माझ्याच हातात काही नाही." भाऊजी चोळत राहायचे. नंतर ते मला म्हणाले, त्या वेळी पोटात जे गेले कित्येक आठवडे दुखत होतं ते थांबलेलं असायचं, आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असायचं, ज्याला त्यांच्याकडे नाव नव्हतं.

घळीच्या दिवसाला तीन आठवडे उरले आणि ताईनं मास्तरणीला सांगितलं, "माझं नाव काढ."

मास्तरणीनं स्वतःचं जुनं, कडा झिजलेलं वल्हं ताईच्या हातात दिलं. "एकदा याच्यावर उतर. मग काढते."

मी खालच्या काठावर होते. ताई वरून आली ती पहिल्यासारखी. वळली, थांबली, पाण्याच्या धारेच्या उलट दिशेनं तिरकी चढली आणि पुन्हा वळली. काठावर येऊन होडीतच बसून राहिली. मला वाटलं आनंदानं रडते आहे. तिचा चेहरा मात्र तसा नव्हता. तक्रार खिडकीवर एखादा माणूस "आमच्याकडे पाण्याचं मीटर नाहीच" म्हणून खोटं सांगायला लागला की तिचा होतो, तसा होता.

चार दिवस ती घरी काही बोलली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी खांदा चोळायला भाऊजी मलम घेऊन आले, तेव्हा तिनं विचारलं. हे ताईनंच मला सांगितलं, शब्द न शब्द.

"अहो, त्या बँकेतल्या मुलीला वल्हं घेऊन दिलंत, तेव्हा तिला गुडघ्यांवर बसवून मापलं होतंत ना?"

"हो."

"त्या दाढीवाल्याला पण."

"सगळ्यांनाच मापतो."

"मला नाही मापलंत."

भाऊजी म्हणाले, "तुझं माप मला पाठ आहे."

"मग चुकलं कसं?"

मलमाची डबी त्यांच्या हातात उघडीच होती. ते म्हणाले, "चुकलं नाही."

ताई उठली, पिशवी भरली आणि ते लांबलचक वल्हं घेऊन माझ्याकडे आली. बसमध्ये लोकांना ते लागत होतं, ती माफी मागत मागत आली. माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मी आधी हसले, मग तिचं तोंड बघून तिच्या हातातली पिशवी घेतली.

तिला राग वल्ह्याचा नव्हता. "जळले असतील माझ्यावर, जळोत," ती म्हणाली. "पण रोज संध्याकाळी खांदा चोळायचे गं. दुखवणारा हात तोच आणि चोळणारा पण तोच. आणि मी म्हणायचे, किती चांगले आहेत."

चौथ्या दिवशी भाऊजी आले. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. काठीचा आवाज पायऱ्यांवरून वर येताना आम्हाला ऐकू येत होता. दर मजल्यावर थांबत होता. ताई म्हणाली, "दार उघडू नकोस." तरी शेवटी तिनंच उघडलं.

ते खुर्चीवर बसले, घाम पुसला. मी आत जायला निघाले तर म्हणाले, "थांब. तुला पण फसवलंय मी, गाडी तू चालवली होतीस."

मग ते ताईकडे वळले. "सोळा वर्षं मी तुझ्या पाठीकडे बघत होतो. मला वाटायचं, होडी मी वळवतो. त्या दिवशी काठावरून बघितलं आणि कळलं, की वळायच्या आधी तू अंग झुकवायचीस. माझं वल्हं नंतर पडायचं. हे मला सहन झालं नाही. तू खाली यावीस असं वाटलं. बुडावीस असं नाही. फक्त जरा खाली."

ताई म्हणाली, "तुम्हाला एकट्यालाच जळता येतं का?"

भाऊजींना कळलं नाही. मलाही नाही.

"पुढचे खडक मी बघायचे. 'डावीकडे', 'थांबा', 'आता' असं ओरडायचे मी. थोबाडावर पाणी मी घ्यायचे. आणि काठावर आलं की लोक तुमच्या पाठीवर थाप मारायचे. मला विचारायचे, चहा आहे का वहिनी? सोळा वर्षं. माझ्या पोटात काय होत असेल? पण मी कधी तुमचं वल्हं कापलं नाही."

मला वाटतं, तिला हेवा वाटू शकतो ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. "बोलली का नाहीस?" ते म्हणाले.

"आता बोलले."

मी चहा केला, कारण कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं. चहा पिऊन भाऊजींनी खिशातून टेप काढला. "बस ना खाली. आत्ता मापतो. नीट."

"नको," ताई म्हणाली. "तुमच्या मापानं मी परत घेणार नाही. मी निवडेन. तुम्ही या, हवं तर. पण तोंड उघडायचं नाही."

शनिवारी आम्ही तिघं सुतारकाकांकडे गेलो. भाऊजींनी आधी ते लांब वल्हं काकांपुढे ठेवलं आणि म्हणाले, "माझ्या मनात खोट होती, काका. तुम्ही बरोबर बोलला होतात." काकांना थोडं कमी ऐकू येतं. ते म्हणाले, "काय खोट आहे? लाकूड चांगलं आहे!" भाऊजींना ते सगळं पुन्हा, मोठ्यानं, शेडमधल्या दोन कामगारांसमोर सांगावं लागलं. ताईनं त्यांना थांबवलं नाही.

मग ती ओळीसमोरून फिरली. ते फिक्या लाकडाचं वल्हं अजून तिथेच होतं. तिनं ते उचललं, भुशात गुडघे टेकून बसली, हवेत दोन-चारदा मारून बघितलं. भाऊजींचा चेहरा उजळला. तिनं ते परत ठेवलं. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, आणि शेवटी एक उचललं ज्याचा दांडा त्या फिक्या वल्ह्यापेक्षाही दोन बोटं आखूड होता आणि पातं थोडं लांबट. भाऊजींनी श्वास घेतला, बोलायचा घेतात तसा. मी त्यांच्या पायावर पाय दिला, चांगल्या पायावर. त्यांनी श्वास सोडला.

"हे," ताई म्हणाली.

गाडीत ती मागच्या सीटवर ते मांडीवर आडवं घेऊन बसली. बऱ्याच वेळानं भाऊजी समोर बघत म्हणाले, "आखूड आहे."

"मला जवळून वल्हं मारायला आवडतं," ती म्हणाली. ती त्याच दिवशी त्यांच्या घरी परत गेली, पण खांदा बरा होईपर्यंत मलम स्वतःच लावत होती, दुसऱ्या हातानं, वाकडीतिकडी होत.

घळीच्या दिवशी पाणी भरपूर होतं. बारा जणांपैकी दोघांनी वरूनच माघार घेतली, दाढीवाला मधल्या उतारावर उलटला आणि त्याची होडी आमच्यासमोरून रिकामीच गेली. भाऊजी आणि मी तिसऱ्या वळणावर उभे होतो. तिथे पाणी दोन खडकांमधून इतक्या अरुंद जागेतून जातं, की डावीकडून वळायचं की उजवीकडून हे आधीच ठरवावं लागतं. ताई आली. भाऊजींच्या ओठांची हालचाल मी बघत होते. "डावीकडे," ते पुटपुटले. ती उजवीकडे गेली. जवळून, दांडा जवळपास होडीला घासत, तिनं वल्हं खाली खेचलं आणि खडकाला बोटभर जागा ठेवून निघून गेली. लांब दांड्यानं ते जमलं नसतं. भाऊजींनी निवडलं असतं त्यानंही कदाचित जमलं नसतं. तिनं आमच्याकडे बघितलंही नाही. बघायला सवडच नव्हती.

आसपासच्या लोकांनी आरडाओरडा केला. भाऊजींनीही केला, माझ्यापेक्षा मोठ्यानं. मग काठीवर दोन्ही हात टेकवले.

मी विचारलं, "अजून होतं का पोटात तसं?"

त्यांनी प्रामाणिकपणे पोटावर हात ठेवून बघितलं, गिऱ्हाइकाला नवा चष्मा कसा वाटतो ते विचारून उत्तराची वाट बघतात तसं थांबले, आणि म्हणाले, "होतं. चांगलंच होतं. ती उजवीकडून गेली ना, तेव्हा तर फारच झालं."

"मग?"

"मग काय. तिला सांगणार आहे, आज संध्याकाळी. जळलो म्हणून सांगणार, तोंडावर." काठी उचलून ते गाडीकडे चालायला लागले. "चल, पुलावर जाऊ. भिजली असेल, कोरडे कपडे माझ्याकडे आहेत."

पुलावर आम्ही पोचलो तेव्हा ताई काठावर होडी ओढत होती. भाऊजींनी संध्याकाळची वाट बघितली नाही. टॉवेल देता देताच सांगून टाकलं. ती केस पुसत ऐकत होती. "किती?" तिनं विचारलं.

"पुष्कळ."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि होडीचं दुसरं टोक धरायला त्यांना सांगितलं.